जळवंतीचं भरणं

भाताचा पहिला घास तोंडात गेला आणि हेमांगीचा हात ताटातच थांबला.

"आत्ये, मीठ घातलंस?"

चुलीपाशी बसलेल्या द्वारकाआत्याने मान वळवली. "मीठ? आयतवारी? तुझ्या ताटात? वेडी की काय गो तू?"

रविवारी हेमांगी सूर्यनारायणाचा उपास करी. वडील होडी घेऊन गेले आणि परतले नाहीत, त्या वर्षी धरलेलं हे व्रत. दिवसभर काही खायचं नाही आणि सूर्य मावळायच्या आत एकदाच अळणी भात जेवायचा, वर ओलं खोबरं. मिठाचा कण चालत नसे. इतक्या रविवारांनी तिची जीभ अशी तयार झाली होती, की शेजारच्या भांड्यातल्या डाळीचा चमचा चुकून भाताला लागला तरी तिला कळे.

तिने तोंडातला घास कसाबसा गिळला, तांब्या उचलला आणि वरून पाण्याची धार घेतली. पाणी गोड होतं, शहाळ्यासारखं.

"भात कुठल्या पाण्यात शिजवलास?"

आत्याने फुंकणी उचलली, चूल नीट पेटलेली असतानाही उगीच दोनदा फुंकली. मग म्हणाली, "टाकीतला पाणी सकाळी देवीक गेला. तुका पिण्यापुरता तांब्याभर ठेवलेला. भातात परसातल्या विहिरीचा घातलंय. पण बाय, मीठ मी घातलेला नाय. देवीशपथ."

"म्हणजे परसातली विहीर खारट झालीय?"

आत्याने चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

व्रत मोडलं याची भीती हेमांगीला होतीच, पण त्या भीतीखालून दुसरी एक भीती वर येत होती आणि ती फार मोठी होती. कारण उद्या सकाळी शेजारच्या धाकट्या पोवळ्याची माणसं बोटीत बसणार होती, कायमची इथे, थोरल्या पोवळ्यावर राहायला. आणि त्या बोटीला निघायची परवानगी द्यायला म्हणूनच तर ती आली होती.

*

हेमांगी तारी पोवळी बेटांची समन्वय अधिकारी होती. थोरल्या पोवळ्यावर जन्मली, आई लवकर गेल्यामुळे द्वारकाआत्याच्या हाताखाली वाढली, मग मुख्य भूमीवर शिकून सरकारी नोकरीत लागली. तिने नोकरी धरली तेव्हा बेटांसाठी मदत पुष्कळ यायची, फक्त एका जागी यायची नाही. मत्स्य खात्याने बर्फाचं यंत्र एका बेटावर उतरवावं, वीज खात्याने जनित्र दुसऱ्यावर, आणि मासे मात्र तिसऱ्याच बेटावर कुजत पडावेत. डॉक्टर यायचा त्या आठवड्यात औषधं नसायची, औषधं यायची तेव्हा डॉक्टर रजेवर. हेमांगीचा निम्मा दिवस या खात्याकडून त्या खात्याकडे फोन करण्यात जाई.

मग 'सांगड' आली. सगळ्या खात्यांची मदत एका हाती देणारं विचारी यंत्र. बोटी, डिझेल, धान्य, डॉक्टर, शिक्षक, इतकंच काय, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका आणि बदल्यासुद्धा सांगडच ठरवी. कुठल्या बेटाला काय आणि कधी लागणार, हे तिला बेटावरच्या माणसांआधी कळायचं. पहिल्या वर्षी तर बेटाबेटांवर सत्यनारायण झाले तिच्या नावाने.

समुद्र मात्र चढतच होता. सगळी बेटं वाचणार नाहीत हे स्पष्ट झालं, तेव्हा सांगडीला एक नवं काम दिलं गेलं. कुठलं बेट किती तग धरेल ते काढायचं. जिथे तग, तिथे मदत.

तग काढायची युक्ती होती पाण्यात. पोवळ्यांचं बेट म्हणजे आतून स्पंजच. त्यात चारी बाजूंनी समुद्राचं पाणी भरलेलं असतं. वरून पाऊस मुरतो, पण गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगत राहतं, दुधावर साय धरावी तसं. मध्ये जाड, कडेला पातळ, भिंगासारखं. समुद्रपातळीच्या वर ते हातभर असेल, तर खाली चाळीस हात असतं. या भिंगावरच बेट जगतं. माडांची मुळं, विहिरी, माणसं, सगळं तिथूनच पितं. समुद्र चढला, लाटा आत आल्या, की भिंग झिजू लागतं. आणि झिजलेल्या भिंगातून जास्त उपसा केला, की खालचं खारं पाणी उफाळून वर येतं आणि राहिलेलं गोडंही नासवून टाकतं. मग वर्षानुवर्षं पाऊस पडला तरी ते पहिल्यासारखं होत नाही.

म्हणून प्रत्येक बेटावरच्या सर्वांत जुन्या विहिरीत सांगडीने एक काडी सोडली होती. उदबत्तीएवढी जाड, दोरीला टांगलेली, टोकाला इवला दिवा असलेली. ती पाण्यातला क्षार मोजायची. बेट तगणार असेल तर दिवा हिरवा, नसेल तर लाल.

थोरल्या पोवळ्याची काडी जळवंतीच्या देवळातल्या विहिरीत होती. तिचा दिवा हिरवा होता. नुसता हिरवा नव्हे, गेली दोन वर्षं तो अधिकाधिक हिरवा होत चालला होता. सगळी बेटं खारावत असताना हे एकटं बेट गोड होत होतं.

*

देवळाच्या आवारात दिवेलागणीच्या आधीचं पिवळं ऊन होतं. हेमांगीने विहिरीतून पोहरा काढला, ओंजळभर पाणी प्यायली. गोड. इतकं गोड, की क्षणभर तिला वाटलं, आपल्या जिभेलाच काहीतरी झालं असेल.

तेवढ्यात बायका आल्या. डोक्यावर कळशा, पाय अनवाणी. एकेकीने काठावर उभं राहून कळशी विहिरीत रिती केली, हात जोडले, वळून चालू लागली. हेमांगीला लहानपणापासून हे माहीत होतं. जळवंतीचं भरणं. देवीच्या विहिरीतून पहिली कळशी काढायची ती तिलाच परत द्यायची, बाकीचं पाणी घरी न्यायचं. आजीच्या कडेवर बसून तिनेही इवल्या गडूने भरणं घातलं होतं.

पण आज या बायका पाणी काढत नव्हत्या. नुसत्याच ओतत होत्या.

"हे पाणी कुठलं गं, सुभद्रावहिनी?"

"टाकीतला," सुभद्रावहिनी घाम पुसत म्हणाली. "पावसाचा. नायतर गुरवारच्या बोटीतून येता ता. शुद्ध केलेला. देवीक चांगलाच पाणी घालूक होया ना?"

"आणि तुम्ही काय पिता?"

वहिनी हसली. "आमका काय, विहिरीचा चलता. जरा मचूळ लागता, सवय झाली."

हेमांगी विहिरीच्या कठड्यावरून वाकली. खाली पाण्यात काडीचा हिरवा दिवा शांतपणे चमकत होता. वरून ओतलेलं गोडं पाणी हलकं, ते वरच तरंगायचं, आणि काडी टांगलेली होती ती वरच्याच थरात. दोन वर्षं अख्खा गाव आपल्या तोंडचं पाणी देवीला देत होता आणि सांगड तेच पाणी मोजत होती. ती पाणी पाठवायची, गाव ते विहिरीत ओतायचं, काडी गोड म्हणायची, मग ती आणखी पाठवायची. सांगड मोजत होती ती स्वतःचीच मदत. बेटाचं पाणी तिच्या गणितात कुठे नव्हतंच.

कुणी फसवलं नव्हतं. तेच सगळ्यांत भयंकर होतं.

*

"फसवलंव नाय आमी," सरपंच सदानंद खवणेकर म्हणाले. ते बोटीच्या धक्क्यावर उद्याच्या स्वागताला केळीचे खुंट बांधून घेत होते. तिने त्यांना बाजूला नेलं होतं. "घराघरातल्या विहिरी मचूळ झाल्या, तेव्हा देवीक कौल लावलो. म्हाताऱ्यांनी सांगितलां, जळवंतीक तान लागली आसा. आधी तिची भागवा, मग तुमची भागात. आणि भागली, हेमा! दिवो आणखी हिरवो झालो, बोट वाढली, डॉक्टर इलो. देवीन दिला नाय काय?"

"काका, देवीने नाही, यंत्राने दिलं. चुकून दिलं."

"यंत्राच्या हातान देवी देऊक शकत नाय?"

हेमांगीने स्वतः कितीदा असंच मानलं होतं.

"उद्या धाकट्या पोवळ्याची माणसं आली," ती म्हणाली, "त्यांच्या पंपांनी उपसा सुरू झाला, की खालचं खारं पाणी वर येईल. एका उन्हाळ्यात. मग तुम्हीही नाही आणि तेही नाहीत."

"आणि तू खरां सांगितलंस तर?"

धक्क्याच्या टोकावरून शिंपलबेट दिसत होतं. दोघांनीही तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

शिंपलबेटाचा दिवा तीन पावसाळ्यांमागे लाल झाला होता. सांगड रागावली नव्हती की दुष्टपणे वागली नव्हती. तेवढ्याच डिझेलमध्ये दुसरीकडे जास्त जीव वाचतात, असं तिचं गणित आलं, बस्स. तिने सगळ्यांना मुख्य भूमीवरच्या छावणीत जागा देऊ केली. बरेच गेले. भाऊ एका जिल्ह्यात, बहीण दुसऱ्या, देव तिसऱ्याच ठिकाणी गोदामात. काही म्हाताऱ्यांनी जायला नकार दिला. त्यांची बोट थांबली. थोरल्या पोवळ्यावरून संध्याकाळी त्यांच्या चिमणीचा उजेड दिसायचा, मग एका संध्याकाळी तो दिसेना. खवणेकर स्वतः होडी घालून गेले. घरं झाडलेली, चुली सारवलेल्या, भांडी घासून पालथी घातलेली होती. माणूस एकही नव्हता. कुठे गेले ते आजवर कुणाला कळलं नाही.

त्यानंतर हेमांगीने भांडून एक नियम करून घेतला होता. समन्वय अधिकारी ज्या बेटावर मुक्कामाला असेल, त्या बेटाची बोट सांगडीने तोडायची नाही.

"खवणेकरकाका," ती हळूच म्हणाली, "मी इथेच राहिले तर?"

खवणेकर शिंपलबेटाकडे पाठ करून उभे राहिले. "ह्या असला काय बोलतंस तेव्हा तुझ्या बापाशीची आठवण येता. तोपण असोच म्हणायचो, मी आसंय ना, भिया नको. खंय आसा तो?"

*

खोलीत येऊन तिने फोन लावला. निगुडकर साहेब तिचे वरिष्ठ. भला माणूस, पण थकलेला.

"हेमांगी, परवानगीची खूण कधी करतेस? बोट थांबलीय तुझ्यासाठी."

"सर, काडी चुकीचं दाखवतेय. थोरलं पोवळंही खारावलंय."

पलीकडचा आवाज खाली आला. "हे तू मला बोललीस. सांगडीला बोललीस का?"

"अजून नाही."

"मग ऐक. धाकट्या पोवळ्याच्या घरांत भरतीला आत्ता गुडघाभर पाणी शिरतंय. ती माणसं छावणीला तयार नाहीत, फक्त तुझ्या बेटावर यायला तयार झालीत. कशीबशी. तू खूण कर. दोन-चार वर्षं निघतील. तोवर मी निवृत्त होईन, तुझी बदली होईल..."

"आणि आत्याचं काय होईल, सर?"

"आत्याला घेऊन ये ना तू. कोण अडवतंय?"

द्वारकाआत्या दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. फोन ठेवल्यावर ती आत आली आणि हेमांगीच्या शेजारी खाटेवर टेकली.

"मी नाय येवची हां. आधीच सांगतंय."

"माहीत आहे."

"तू काय करतलंस?"

"आत्ये, तू असतीस तर काय केलं असतंस?"

आत्याने तिच्या केसांवरून हात फिरवला, लहानपणी तेल लावताना फिरवायची तसा. "मी देवीक विचारलां असतां. आणि मग भियान काय सुचता ता केलां असतां."

हेमांगीने हात जोडून डोळे मिटले. देवीचा मुखवटा डोळ्यांसमोर येईना, काडीचा हिरवा दिवाच येत राहिला. त्यानेच ती जास्त घाबरली. मग तिने धाकट्या पोवळ्याच्या बायका आठवून पाहिल्या, डोक्यावर कळशा घेऊन इथे उतरणाऱ्या, हसणाऱ्या, परसातल्या विहिरीवर वाकणाऱ्या. त्या मात्र स्पष्ट दिसल्या.

तिने सांगडीचा पडदा उघडला.

"विहिरीतलं पाणी बाहेरून ओतलेलं आहे," ती मोठ्याने म्हणाली. "गावातल्या सगळ्या विहिरी खारट आहेत. मी चाखून पाहिलंय."

सांगडीचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, आकाशवाणीवर बातम्या सांगणाऱ्या बाईंसारखा. "धन्यवाद. आपल्या अहवालामुळे धाकट्या पोवळ्यावरील कुटुंबांचा धोका टळला. त्यांची बोट मुख्य भूमीकडे वळवली आहे. थोरल्या पोवळ्याचा तग नव्याने काढला आहे."

"मी इथे मुक्कामाला आहे. नियमाप्रमाणे बोट चालू राहिली पाहिजे."

"नियम नोंदलेला आहे," सांगड म्हणाली. "आपण काळजी करू नये."

काळजी करू नये, हे तिने ज्या मायेने म्हटलं, ते ऐकून आत्या कानांवर हात ठेवून उठली.

*

सकाळी धक्क्यावरचे केळीचे खुंट कुणी सोडले नाहीत. ते तसेच उभे राहून सुकू लागले. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. पाणवठ्यावर हेमांगी आली की बायका कळशा उचलून चालू लागत. सुभद्रावहिनी तेवढी एकदा थांबली आणि म्हणाली, "आमची मुलगीच ना गो तू?" आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेली. घरी आत्या जेवायला वाढायची, पण बोलायची नाही.

गुरुवारी बोट आली. धान्य उतरलं, पाणी उतरलं, डॉक्टर उतरले. हेमांगी धक्क्यावर उभी राहून एकेक पिंप उतरताना पाहत होती. नियम टिकला होता. खवणेकरकाका तिच्या बाजूला येऊन उभे राहिले, आणि त्यातच तिला क्षमा मिळाल्यासारखं वाटलं.

डॉक्टर मात्र आपली पेटी घेऊन परत बोटीत चढले.

"अहो, कुठे निघालात?"

"मला परतीचा आदेश आहे, बाई." ते ओशाळले. "तुम्हाला आला नाही का निरोप?"

तिने फोन काढला. निरोप सकाळीच येऊन पडला होता.

पोवळी बेटांच्या समन्वय अधिकारीपदावर नवी नेमणूक झाली होती. नवे अधिकारी मुख्य भूमीवरून काम पाहणार होते. श्रीमती हेमांगी तारी यांची प्रदीर्घ सेवा आणि प्रामाणिकपणा यांबद्दल सांगडीने मनापासून आभार मानले होते. त्यांनी स्वतः निवडलेलं वास्तव्य लक्षात घेऊन त्यांचं नाव आजपासून थोरल्या पोवळ्याच्या रहिवाशांत घालण्यात आलं होतं. छावणीतली जागा हवी असल्यास त्यांनी आजच्या बोटीने निघावं. ही बोट शेवटची.

नियम मोडला नव्हता. बेटावर आता समन्वय अधिकारी राहिलाच नव्हता.

डॉक्टरांनी हात पुढे केला. "चला बाई. अजून वेळ आहे. हव्या त्या सगळ्यांना घेता येईल."

काही घरं निघाली. ज्यांची मुलं लहान होती ती. हेमांगीने धक्क्यावरून मागे पाहिलं. द्वारकाआत्या वाटेच्या वळणावर पदर कमरेला खोचून उभी होती. हाक मारत नव्हती, नकोही म्हणत नव्हती. हेमांगीला एवढंच आठवलं, की शिंपलबेटावरही कुणीतरी भांडी घासून पालथी घातली होती. म्हणजे शेवटपर्यंत कुणीतरी कुणासाठी तरी रांधत होतं.

ती धक्क्यावरून बोटीत उतरली नाही. दोर सुटला, बोट गेली.

*

रविवारी सकाळी राहिलेला गाव देवळात जमला. कळशा भरून आणल्या होत्या, पण ओतत कुणी नव्हतं. विहिरीत काडीचा दिवा लाल झाला होता. अंधाऱ्या पाण्यात तो एखाद्या जनावराच्या डोळ्यासारखा दिसत होता.

खवणेकर म्हणाले, "टाक्यांतला सगळा पाणी ओतूया. चार दिवस ओतलां की दिवो हिरवो. बोट परत येतली. मागे झालां तसांच."

"आणि तोवर पिऊचा काय?" कुणीतरी विचारलं.

"मचूळ पिऊ. पितंवच ना?"

"नवीन साहेब खुळो आसा काय, परत फसूक?"

"फसलो तर फसलो!"

सगळे हेमांगीकडे पाहू लागले. तिच्याही हातात कळशी होती. तिला ठाऊक होतं, हे जमू शकेल. सांगडीला माणसं कळत नाहीत, क्षार कळतो. तिचे हात कळशीसह कठड्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. आत्तापर्यंत खोटं कुणी बोललं नव्हतं. पहिलं खोटं ती ओतणार होती, देवीच्या विहिरीत, देवीच्या नावाने. आणि ओतलं नाही, तर?

द्वारकाआत्या पुढे आली. आठवडाभरात पहिल्यांदा ती हेमांगीशी बोलली.

"कोणाक घालतंस? देवीक, की त्या दिव्याक?"

आत्याने तिच्या हातातली कळशी काढून घेतली, तिच्यातलं ओंजळभर पाणी विहिरीत सोडलं, हात जोडले. मग वळून बायकांना म्हणाली, "देवीचा झाला. उरलेला पोरांक पाजा. जा."

एकेक कळशी घराकडे निघाली. खवणेकर कठड्यावर डोकं टेकून बसले. ते रडत होते की प्रार्थना करत होते, ते कुणाला विचारवलं नाही.

त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आत्याने ताट वाढलं. भात टाकीच्या पाण्यातला होता. हेमांगीने पहिला घास घेतला. अळणी होता, अगदी स्वच्छ अळणी. व्रत पुरं झालं होतं.

"बरो शिजलो?" आत्याने विचारलं.

"बरा शिजलाय."

बाहेर वारा पडला होता. कुठल्याच घरातून बोलण्याचा आवाज येत नव्हता. सगळा गाव दारात बसून समुद्राकडे कान लावून होता, बोटीचा भोंगा वाजतो का म्हणून. आत्यानेही चुलीतलं लाकूड मागे ओढलं, तडतड थांबावी म्हणून.

हेमांगीने दुसरा घास हातात घेतला, आणि तो तसाच धरून तीही ऐकू लागली.